रिव्हेंडेलला काही नाहीये, तरी जा

सरळच सांगतो, रिव्हेंडेलला बघण्यासारखं काही नाहीये. जंगल आहे, नदी आहे, झुलता पूल आहे, झाडांमधली एक मोकळी जागा आहे आणि बोर्ड आहेत. बस. तरी न्यूझीलंडहून परत आल्यापासून मी भेटेल त्याला याच जागेबद्दल सांगत सुटलोय आणि लोक "मग क्वीन्सटाउनला नाही गेलात का?" असं विचारून विषय बदलतायत. (नाही गेलो. बजेट संपलं.)

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टॉल्किन नावाचे ऑक्सफर्डचे प्रोफेसर होते, त्यांनी 1954 पासून 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन भाग काढले, त्यात एल्फ नावाचे लोक आहेत. एल्फ म्हणजे टिचभर पंखवाल्या पऱ्या नव्हेत, हे चांगले उंचेपुरे, देखणे, म्हातारपण नसलेले, हजारो वर्षं जगणारे आणि त्यामुळेच बहुतेक कायम थोडे उदास असलेले. त्यांचं एका दरीत लपलेलं ठिकाण म्हणजे रिव्हेंडेल. पुस्तकावरच्या सिनेमांचं शूटिंग ऑक्टोबर 1999 ते डिसेंबर 2000 असं न्यूझीलंडमधे चाललं, आणि त्यातलं रिव्हेंडेल उभं केलं वेलिंग्टनच्या वर साधारण 45 किलोमीटरवर, कायटोकी रिजनल पार्कच्या जंगलात. गंमत अशी की टॉल्किनसाहेब स्वतः न्यूझीलंडला कधी गेलेच नाहीत. त्यांच्या डोक्यातली दरी स्वित्झर्लंडची, 1911 साली एकोणीस वर्षांचे असताना ते तिकडे पायी हिंडले होते, लाउटरब्रुनेन वगैरे भागात. म्हणजे आपले टूरवाले ज्या दरीत बस थांबवून वीस मिनिटांत फोटो काढायला लावतात तीच, आणि त्या बसमधल्या कुणाला हे सांगत नाहीत.

आता आमची ट्रीप. मे महिना, मी आणि बायको, मुक्काम वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिलला भाच्याकडे. ऑकलंडला उतरल्यावर कस्टम्सवाल्यांसमोर बायकोने लोणचं, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी सगळं इमानदारीत फॉर्मवर लिहिलं होतं (न लिहिता सापडलं तर चारशे डॉलर दंड आहे, गंमत नाही), त्या माणसाने मेतकुटाची पिशवी नाकाशी नेली, काहीतरी विचार केला आणि परत दिली. मग रोटोरुआ, गंधकाचा वास, गरम पाणी. मग मटामाटाचं हॉबिटन, म्हणजे याच सिनेमांतलं बुटक्या हॉबिट लोकांचं गाव, तिथे चव्वेचाळीस गोलगोल दारं आहेत, दारासमोर भोपळे, दोरीवर चिमुकले कपडे वाळत घातलेले, सगळं कसं रंगवलेल्या चित्रासारखं, तिकीट माणशी शंभर डॉलरच्या वर. छान आहे. मला थोडं जास्तच छान वाटलं, पण ते जाऊ दे.

कायटोकीला तिकीट नाही. तिथे जायचं हा हट्ट भाच्याचा. तो कॉलेजात असल्यापासून या सगळ्याचा वेडा आहे, न्यूझीलंडमधेच नोकरी बघितली यातही या वेडाचाच हात असणार असा माझ्या बहिणीला संशय आहे. लोकल ट्रेन अप्पर हटपर्यंतच जाते, पुढे गाडीच लागते. हायवे दोनवरून वर जायचं, अप्पर हट सोडलं की घरं विरळ होतात, मग वॉटरवर्क्स रोड अशी पाटी येते आणि आत वळायचं. पार्कच्या आत रस्त्यालाच 'रिव्हेंडेल' अशी दिशादर्शक पाटी आहे, म्हणजे टॉयलेट इकडे, कॅम्पिंग तिकडे, एल्फ लोक सरळ पुढे. त्या पाटीचा फोटो मात्र मी लगेच काढला.

आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं आम्ही फक्त वर बघत होतो. रिमू आणि राटाची जुनी झाडं, खोडांवर शेवाळ, खाली माणसापेक्षा उंच नेचे, उन्हाचा कवडसा पडला तर पडला. ही झाडं पानगळीची नाहीत त्यामुळे तिकडचा हिवाळा तोंडावर असूनही सगळं हिरवंगार. पिवाकावाका म्हणून एक इवलासा पक्षी आहे, पंख्यासारखी शेपटी उघडतो मिटतो, तो आमच्या हातभर अंतरावरून सोबत करत होता. बायको खूश, म्हणे बघा कसा लळा लागलाय. भाचा म्हणाला लळा नाही मामी, आपल्या पायांनी किडे उडतात ते खायला येतो. आणि हाच पक्षी घरात शिरला तर तिथले मूळचे माओरी लोक मरणाचा संकेत मानतात हेही त्याने लगेच सांगून टाकलं. या मुलाला कधी काय बोलू नये ते कळत नाही, आईवर गेलाय.

तर, मुख्य जागा. तिथे पोचलो तेव्हा एका टूरची मिनीबस आमच्या आधीच येऊन ठेपलेली. तिथे एक दगडी दिसणारी एल्फी कमान आहे, सिनेमातली नाही, शूटिंगनंतर सेट सगळा उचलून नेला होता, ही प्रतिकृती नंतर लोकांच्या फोटोसाठी उभी केलेली. गाईडने पेटीतून रबरी टोकदार कान काढले, झगे काढले, एक तलवार काढली, आणि मग एकेक माणूस कान लावून, झगा घालून, कमानीखाली उभा राहून तलवार अशी धर, हनुवटी वर कर, लांब बघ... एक जण झाला की कान पुसून पुढच्याला. अर्धा तास! मी जरा बाजूने नदीकडे जायला निघालो तर झगेवाला एक गृहस्थ मला हाताने "हट हट" करतोय, त्याच्या फ्रेममधे मी येत होतो. माझं जॅकेट नारिंगी होतं हे मान्य आहे, पण जंगल काय त्याच्या बापाचं होतं का. हजारो वर्षं जगणाऱ्या लोकांच्या गावात अर्ध्या तासाने मी वैतागलो, म्हणून बाकी दोघांना तिथेच सोडून झुलत्या पुलावर जाऊन उभा राहिलो. खाली हट नदी, पाणी इतकं स्वच्छ की तळाचे गोटे मोजावेत. हे जंगल टिकलंय तेच मुळी पाण्यासाठी. वर बंधारा आहे, तिथून पाणी उचलतात आणि ते शुद्ध होऊन अप्पर हट, पोरीरुआ आणि वेलिंग्टनच्या उत्तरेकडच्या वस्त्यांना जातं, म्हणजे भाच्याच्या जॉन्सनव्हिलच्या नळालाही हेच.

परत आलो तर मिनीबस गेलेली आणि बायको एका बोर्डासमोर उभी.

या बोर्डांबद्दल सांगायला हवं. सेट नाही, पण सेटचं काय कुठे होतं ते बोर्ड लावून दाखवलंय. एका ठिकाणी लिहिलंय की इथे फ्रोडोची बेडरूम होती. फ्रोडो म्हणजे कथेतला बुटका नायक, जखमी होऊन रिव्हेंडेलला येतो आणि इथे बरा होतो. समोर काय आहे? काही नाही. पाचोळा, नेचे, थोडी ओल.

"कुणाची बेडरूम?" बायको.

तिने सिनेमा बघितलेला नाही. पहिल्या भागात अर्ध्या तासात झोपली होती. मग भाच्याने तिथेच उभ्याउभ्या तिला गोष्ट सांगायला सुरुवात केली, की मामी हे शहर म्हणतात पण खरं तर घर आहे, एल्रॉन्ड म्हणून एल्फांचा राजासारखा माणूस, त्याचं मोठं घर, वाटसरूंना आसरा देणारं, आणि मग गोष्टीच्या शेवटी त्या लोकांचा काळच संपतो, मग ते बंदरावर जातात, जहाजात बसतात आणि पश्चिमेला कायमचे निघून जातात. भाचा हे सांगताना गहिवरतो, दरवेळी. मामी शांतपणे ऐकत होती.

मग म्हणाली, "कुणी घालवलं त्यांना?"

"घालवलं नाही गं, गेले. वेळ आली."

"असं कोण जातं घर सोडून. धरण आलं असेल."

आम्ही हसलो. ती नाही हसली. तेव्हा माझी ट्यूब पेटली. माझ्या सासूबाईंचं माहेर कोयनेच्या काठचं. धरण झालं, शिवसागर भरला, गाव आत गेलं. कुणी कुठे कुणी कुठे, त्यांच्या घरच्यांना रायगडात जमीन मिळाली, सासूबाई तेव्हा परकरात होत्या. लग्नाला इतकी वर्षं झाली पण या गावाचा विषय आमच्या घरात कधी फार निघाला नाही, उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की चौथरे दिसतात म्हणे, एवढंच मला माहीत. बायकोने तर ते गाव जन्मात पाहिलेलं नाही, तिच्या जन्माआधीच गेलं.

ती त्या बोर्डाकडे बघत म्हणाली, "या माणसाची खोली खोटी होती ना?"

भाचा म्हणाला, "हो. लाकूड, थर्माकोल असलं काहीतरी. वरून रंग."

"आणि तरी बोर्ड लावलाय."

बोर्डाच्या काचेसारख्या भागावर दहिवर जमलं होतं, तिने जॅकेटची बाही ओढून ते पुसलं, नीट, चारी कोपऱ्यांपर्यंत, जसं घरी टीव्ही पुसते तसं. मग मला म्हणाली, अहो, याचा फोटो काढा, मी नको त्यात, नुसता बोर्ड आणि मागची जागा. मी काढला. नंतर ती मोकळ्या जागेत जाऊन पावलं टाकत काहीतरी मोजत होती, भाचा मला खुणेने विचारत होता काय झालं, मी खुणेनेच म्हटलं गप बस.

आणि एवढं सगळं होऊन पाच मिनिटांत बाईसाहेब कमानीखाली उभ्या! भाच्याकडे स्वतःचे कान होते, त्याने गाडीतून आणले, तिने ते लावले, पदर नव्हता म्हणून ओढणीचाच झगा केला आणि हनुवटी वर करून फोटो काढून घेतला. मला ती कमान अजिबात आवडलेली नाही हे मी तिथे बोललो आणि आत्ताही बोलतो. जे लोक निघून गेले म्हणून गोष्ट संपते, त्यांचं घरही खरोखरच निघून गेलंय, जंगलाने जागा परत घेतलीये, याहून चांगलं रिव्हेंडेल कुठला सेट दाखवणार? बोर्ड पुरे आहेत. बोर्ड वाचून माणूस बाकीचं स्वतः उभं करतो. कमान उभी केली की लोक फक्त कमान बघतात आणि रांग लावतात. भाच्याचं म्हणणं, मामा तू एकटाच असा आहेस, बाकीचे एवढ्या लांब येऊन हात हलवत परत गेले असते आणि शिव्या घातल्या असत्या. असेल. मी तर म्हणतो घालू देत.

डबा खाल्ला. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि ते डिक्लेअर केलेलं लोणचं. बाकावर गारठा मरणाचा, थर्मास आणा, हात काम करत नाहीत.

रात्री बायकोने आईला फोन लावला. तिकडे संध्याकाळ व्हायची होती, सासूबाई चहा घेत होत्या. आधी नेहमीचं झालं, थंडी आहे का, स्वेटर घातलास का, जावईबापूंना जेवण मानवतंय का. मग हिने फोटो पाठवला आणि सगळं सांगितलं, की असं असं खोटं घर होतं, ते काढून टाकलं, तरी कुठे काय होतं ते लिहून ठेवलंय. सासूबाईंना एल्फबिल्फ काही कळलं नाही, फ्रोडोला त्या शेवटपर्यंत "तो पोरगा" म्हणत होत्या. पण मग त्यांनीच सुरू केलं. ओसरी अशी पूर्वेला, माजघरात देव, त्याच्या पाठी बाळंतिणीची खोली, परड्यात फणस, म्हशीला वेगळा दरवाजा. बायकोने मधेच "पाच खणी ना गं?" विचारलं तर चांगल्याच उखडल्या, "पाच कुणी सांगितलं तुला? सात खणी होतं!" पाऊण तास. बायको पार्कच्या नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने काढत होती, खोडत होती, परत विचारत होती. ओसरी ते चूल किती पावलं, हे पण विचारलं तिने. भाचा जेवणाची ताटं घेऊन ताटकळत बसला होता.

दुसऱ्या दिवशी वेलिंग्टनमधल्याच मिरामारला सिनेमाच्या वर्कशॉपचा प्लॅन होता, तिथे ही सिनेमावाली मंडळी तलवारी आणि मुखवटे कसे बनवायची ते बघायला मिळतं. मी आणि भाचा गेलो. बायको म्हणाली मला घरी काम आहे, आणि तो नकाशा फेअर करत बसली.

तुम्ही गेलात तर सकाळी लवकर जा, मिनीबस यायच्या आत. नारिंगी घालू नका.

आणि आता आमच्या सासरवाडीच्या ग्रुपवर रोज भांडण. बायकोचं म्हणणं एक बोर्ड करायचा, साधा पत्र्याचा चालेल, इथे अमक्यांचं सात खणी घर होतं म्हणून. मेहुणा म्हणतो लावणार कुठे, जागा वर्षातले कितीतरी महिने पाण्याखाली, पत्रा एका पावसाळ्यात जाईल, त्यापेक्षा काठावर वर कुठेतरी लावू. सासूबाई काठाला तयार नाहीत. घर जिथे होतं तिथेच लावायचा, गंजला तर पुढच्या उन्हाळ्यात दुसरा लावू, पत्र्याचे पैसे मी देते, असा त्यांचा कालचा व्हॉइस मेसेज आहे, आणि त्यावर अजून कुणाची उत्तर द्यायची हिंमत झालेली नाही.