जे.जे. सोडून बडोद्याला का गेलात?

मी चित्रकला शिकवते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. परवा एका विद्यार्थिनीच्या आईनंही तोच केला: "तुम्ही नाशिकच्या. मुंबईचं जे.जे. कला महाविद्यालय हाताशी असताना गुजरातेत, बडोद्याला कशाला गेलात?" म्हणून एकदा नीट सांगते.

नाशिककरांना बडोदं परकं नाही. सयाजीराव गायकवाड मालेगावजवळच्या कवळाण्याचे, शेतकऱ्याघरचे. १८९० मध्ये त्यांनी बडोद्यात कलाभवन काढलं आणि त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके तिथं शिकले. पुढं सयाजीरावांच्याच नावाच्या विद्यापीठात १९५० साली ललित कला शाखा सुरू झाली, तेव्हा बडोदं मुंबई राज्यातच होतं. हंसाबेन मेहता कुलगुरू, मार्कंड भट्ट पहिले अधिष्ठाता. चित्रकला विभाग उभा केला तो ना. श्री. बेंद्रे यांनी. इंदूरचे, मराठी घरातले. शिल्पकला शंखो चौधुरींकडे, ते शांतिनिकेतनातून आलेले.

पण मी गेले ती यासाठी नाही. ही शाखा सुरू झाली त्या काळी जे.जे.त पदविका मिळे. बडोद्यात सुरुवातीपासून विद्यापीठाची पदवी. कागदाचा फरक वाटेल, पण त्यामागं एक आग्रह होता: चित्रकारानं हातासोबत डोकंही वापरलं पाहिजे. कलेचा इतिहास तिथं परीक्षेपुरता नव्हता. सकाळी रंगांत बुडालेली आम्ही मुलं दुपारी अंधाऱ्या वर्गात स्लाइड बघत बसायचो, आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्यावरून भांडायचो. भूपेन खख्खर मुंबईत चार्टर्ड अकाउंटंट झालेले. १९६२ मध्ये ते बडोद्याला आले आणि कलासमीक्षा शिकले. असा माणूस पुढं एवढा मोठा चित्रकार होतो, यात त्या वातावरणाचा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं.

आणि बडोद्यात शिकवलेले चित्रकार के. जी. सुब्रमण्यन. माझ्या प्रवेशाच्या कितीतरी आधी, १९८० मध्ये, ते शांतिनिकेतनला परतले होते, पण शिक्षकांच्या बोलण्यात रोज असायचे. मधली काही वर्षं त्यांनी हातमाग मंडळात काम केलेलं. विणकर, कुंभार, खेळणी करणारे यांचं काम चित्रकाराच्या कामाहून खालचं नाही, हे ते नुसतं सांगत नसत, स्वतः करून दाखवत. ज्योती भट्ट पहिल्या विद्यार्थ्यांपैकी, मग तिथलेच शिक्षक. ते कॅमेरा घेऊन खेडोपाडी फिरले आणि भिंतींवरची, अंगणातली चित्रं त्यांनी टिपून ठेवली. माझी आजी रोज सकाळी दारात रांगोळी काढायची. ती कला आहे हे मला घरात कधी कुणी म्हटलं नव्हतं. बडोद्यात गेल्यावर पहिल्यांदा ऐकलं. त्या सुट्टीत घरी आल्यावर मी तिच्या शेजारी उकिडवी बसून ठिपके मोजले.

१९६१ पासून तिथं अधूनमधून फाइन आर्ट्सचा मेळा भरत आला आहे. शिक्षक आणि विद्यार्थी आपल्या हातानं खेळणी, भांडी, छापील कापड करतात आणि गावाला विकतात. माझ्या वेळी मी लाकडाचे पक्षी केले होते, मणी जोडलेले, ओढले की मान हलवणारे. आमच्या वसतिगृहासमोर उभे राहणारे एक रिक्षावाले काका आले, बराच वेळ एकेक पक्षी उलटापालटा करून बघत राहिले आणि मुलीसाठी निळा घेऊन गेले. माझं विकलं गेलेलं ते पहिलं काम.