आमच्या कॉलनीत मूळचं कोण

प्रत्येक कॉलनीत एक माणूस असतो ज्याला कोणीही न नेमता हजेरी घ्यायचं काम मिळालेलं असतं. कोण नवीन आलं, कोणाच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू बदलला, टेम्पोतून फ्रिज उतरला की नाही, सगळं त्याला माहीत. आमच्या धुळ्यातल्या देवपुरातल्या कॉलनीत हे खातं अप्पांकडे आहे. एसटीतून रिटायर झालेले, संध्याकाळी ओट्यावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतात, आणि ओळखीचं नसलेलं कोणी गल्लीतून गेलं की ठरलेलं वाक्य, "ह्या लोके कथाईन उनात भो?" म्हणजे हे लोक आले कुठून?

आता धुळ्यासारख्या गावात कोण कुठून येणार, असं पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटेल, पण यादी लांब आहे. कोपऱ्यावरचं किराणा दुकान आता राजस्थानच्या एका कुटुंबाकडे आहे. मटका कुल्फीची गाडीही तिकडचीच. मागच्या गल्लीत पीओपीची कामं करणारी यूपीची पोरं एकेका खोलीत सात-आठ जण राहतात, आणि शेजारच्या शेडमध्ये फर्निचरवाला मिस्त्री आहे तो गोरखपूरकडचा, बायको-पोरीसकट इथे राहतो. आणि मेन रोडला जी अपार्टमेंट उभी राहतेय तिच्या खालीच पत्र्याच्या शेडमध्ये पावरा आदिवासी कुटुंबं राहतात, सातपुड्यातून कामाला आलेली. अप्पांच्या खात्यात ही कुटुंबंसुद्धा बाहेरची! सातपुड्यातला माणूस धुळ्यात बाहेरचा ठरत असेल तर मग आपण बाकीच्यांनी गप्पच बसलेलं बरं, पण ओट्यावर गप्प बसायला कोणी येत नाही.

मला इतिहासाची थोडी खाज आहे, म्हणून एकदा अप्पांना सांगितलं की अप्पा, हे गाव वसलंच मुळात बाहेरच्या लोकांना बोलावून. 1818 मध्ये खान्देश इंग्रजांच्या ताब्यात गेला, कॅप्टन ब्रिग्ज नावाच्या साहेबाने धुळं मुख्यालय केलं, आणि पुढच्या वर्षी सरकारी कचेऱ्या बांधायला लांबलांबून कारागीर आणले. व्यापाऱ्यांनी येऊन राहावं म्हणून घरासाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, वर घर बांधायला उचल पण दिली, जुन्या रहिवाशांना दिली तशी परक्यांनाही दिली. हे सगळं 1880 च्या खान्देश गॅझेटियरमध्ये छापलेलं आहे. पेठेतल्या त्या सरळ रेषेतल्या गल्ल्या, गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच, ज्याचं आपल्याला एवढं कौतुक, त्या ह्या आखून वसवलेल्या गावाच्याच. मी एकदम केस जिंकल्यासारखी बोलत होते. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, "त्या टाईमले जागा व्हती ना माय, आते कोठे शे?"

आणि खरं सांगते, ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण अप्पांचं म्हणणं चुकीचं नाहीये. नवीन लोकांबद्दल चांगलं बोलणारी माणसं, त्यात मी पण आले, हा जागेचा आणि पाण्याचा मुद्दा पटकन बाजूला सारतात, जणू तक्रार करणारा प्रत्येक माणूस कोत्या मनाचाच असतो. नळाला पाणी यायचा दिवस असतो ना, त्या दिवशी आमच्या गल्लीत येऊन बघा. एक घर म्हणून जे कनेक्शन दिलेलं आहे त्यावर चार खोल्यांतली वीस-बावीस माणसं अंघोळी करतात, मोटार लावल्याशिवाय पाणी चढत नाही, मग पुढच्या घराचा नळ नुसती हवा सोडतो आणि भांडण सुरू होतं. गटार तुंबतं. रात्री अकराला कामावरून आलेली पोरं स्पीकरवर गाणी लावतात, त्यांना तेवढाच वेळ मोकळा मिळतो हे मला कळतं, पण पहाटे उठून पोरांचे डबे करायचे असले की कळून उपयोग नसतो.

फक्त एक गोष्ट ओट्यावर कोणी काढत नाही. त्या खोल्या कोणाच्या? तर आमच्याच कॉलनीतल्या एका सरांच्या. पूर्ण प्लॉट त्यांचा, मूळचे वगैरे सगळं, आणि खोलीचं भाडं माणशी घेतात! म्हणजे जितकी डोकी जास्त तितकं बरं. कॉलनीच्या मीटिंगमध्ये मात्र सरच सगळ्यात पुढे, आपली संस्कृती, आपला परिसर, बाहेरच्या लोकांमुळे वातावरण बिघडतंय, पोलीस व्हेरिफिकेशन झालंच पाहिजे. मी विचारलं की सर, टाकी मोठी करता का, एक संडास अजून बांधता का, तर म्हणाले बघू. ह्या "बघू" ला आता बरेच पावसाळे झाले. मला वाटतं आपल्याकडे संस्कृती म्हणून जेवढी भांडणं होतात त्यातली निम्मी तरी टाकीच्या लिटरची असतात, पण टाकीवर भांडलं तर घरमालकाशी भांडावं लागतं, आणि तो तर सत्यनारायणाला आपल्याच घरी जेवायला येतो.

दुसरी गोष्ट सुरतेची. खान्देशात असं घर शोधून दाखवा ज्याचं कोणी सुरतला नाही. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, ही नावं आमच्याकडे तालुक्याच्या गावांसारखी तोंडात बसलेली आहेत. अप्पांचा धाकटा मुलगा तिथे कापड मार्केटला आहे. तो आला की अप्पांचा मूडच वेगळा, तिकडे आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीची मिरवणूक कशी निघते, गणपती कसे बसतात, आणि सुरत महापालिकेच्या शाळा मराठी माध्यमाच्या पण आहेत, गुजरातीच्या जोडीला हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू सगळं आहे, हे ते अशा थाटात सांगतात की पालिका त्यांनीच चालवायला घेतली असावी. आणि शेवटी हुकमाचा एक्का, सी. आर. पाटील! मूळ जळगाव जिल्ह्यातल्या पिंप्री अकराऊतचा माणूस, तिकडे नवसारीचा खासदार, गुजरात भाजपचा अध्यक्ष झाला, आता केंद्रात जलशक्ती मंत्री. "आपला माणूस!" मी म्हटलं अप्पा, उद्या ह्या मिस्त्रीची पोरगी मोठी होऊन आपल्या प्रभागातून नगरसेवक झाली तर गोरखपूरचे लोक पण असंच म्हणतील. अप्पा एकदम हसले आणि विषय कापसाच्या भावावर नेला.

पण त्याच मुलाची दुसरी बाजू मला त्याच्या बायकोने किचनमध्ये सांगितली. सुरतला पहिल्या घरमालकाने काळ्या मसाल्याच्या मटणाच्या वासावरून खोली खाली करायला लावली होती. वास खरंच जातो हो तो, भाजलेलं खोबरं, कांदा, वरून तेलाची तर्री, तीन मजले वरपर्यंत कळतं. घरमालक बिचारा शाकाहारी, त्याचंही काय चुकलं म्हणा. तिने सांगितलं की नंतर आम्ही आपल्या लोकांच्या सोसायटीत घर घेतलं, तिथे सगळे आपलेच, टेन्शनच नाही. म्हणजे लोक एकत्र गोळा होऊन राहतात, मिसळत नाहीत, अशी जी तक्रार अप्पा मागच्या गल्लीबद्दल करतात, ते कसं घडतं ह्याची पूर्ण कृती मला खोबरं भाजता भाजता मिळाली.

आता माझंच सांगते. मी जळगाव जिल्ह्यातल्या यावलकडची, लेवा पाटीदारांतली. नवऱ्याच्या नोकरीपायी धुळ्यात आले. आमच्यातली जुनी माणसं सांगतात की आपले पूर्वज कधीकाळी गुजरातेतून आले, म्हणजे तिथून सुरुवात केली तर बघायलाच नको. 1906 मध्ये इंग्रजांनी खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले, पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळं, आणि इथे आल्यावर मला कळलं की ती रेघ बायकांच्या तोंडात अजून शाबूत आहे. माझ्या बोलीतलं "कुठी" आणि "माह्या" ऐकून शेजारच्या काकू तोंडाला पदर लावायच्या. त्यांची अहिराणी मला सुरुवातीला निम्मीच कळायची. भरीत तर विचारूच नका. आमच्याकडे बामणोदची हिरवट पांढरी वांगी कापसाच्या काड्यांवर भाजायची, लाकडाच्या भांड्यात हिरवी मिरची, लसणाबरोबर ठेचायची, वरून कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, आणि बरोबर कळण्याची भाकरी. मी पहिल्यांदा गॅसवर नाही, अंगणात काड्या पेटवून वांगी भाजली तेव्हा ह्याच अप्पांनी विचारलं होतं की नवीन सूनबाई अंगणात होळी का करू राहिली. आता डिसेंबर आला की भरीत कधी म्हणून तेच आठवण करतात, आणि भरीत आमचंच खान्देशी, असं पाहुण्यांना सांगतात.

मला कोणी बाहेरची म्हणत नाही, हे मात्र गमतीचं आहे. 2011 च्या जनगणनेत देशात 45 कोटींच्या वर लोक गाव बदललेले निघाले आणि त्यातलं सगळ्यात मोठं कारण लग्न. म्हणजे गाव सोडून दुसरीकडे जाणारा म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे खांद्यावर बॅग टाकलेला पोरगा येतो, पण जनगणनेत निघते ती बहुतेक वेळा माझ्यासारखी बाई. घराघरातला मसाला, लोणचं, पोरांशी बोलायची भाषा, सगळं ह्या बायांनी बदललं आणि कोणाला पत्ताही लागला नाही, कारण जेवण वेळेवर मिळत होतं.

अप्पांना जे गेल्याचं वाईट वाटतं ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या कॉलनीत कडुनिंबाला झोका बांधायचे, माहेरी आलेल्या पोरी गौराईची गाणी म्हणायच्या, पुरुष मंडळी ओट्यावर पत्ते कुटायची. आता आखाजी म्हणजे आंब्याचा रस आणि पुरणाची पोळी खाऊन दुपारी एसीत झोप. अप्पा म्हणतात, बाहेरचे वाढले न् सगळं गेलं. तो कडुनिंब पार्किंगसाठी तोडला. मीटिंग झाली होती रीतसर, कागदावर सह्या झाल्या, वरून तिसरी सही अप्पांची आहे, त्यांच्या थोरल्याने तेव्हा गाडी घेतली होती. त्या कागदावर यूपीचा, राजस्थानचा एकही माणूस नाही. अहिराणीचंही तसंच. अप्पांचे पुण्याचे नातू सुट्टीत येतात ते हिंदी-इंग्रजीत खेळतात, आणि परवा नळावर पाण्याच्या रांगेत मिस्त्रीची पोरगी आमच्या शेजारणीला ठणकावत होती, "मना नंबर शे, तू मांगे सरक!"

ह्या सगळ्यात मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती कानबाई. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी अप्पांकडे कानबाई बसते. नारळाला डोळे-नाक लावून, नथ, बुगड्या घालून असं काही नटवतात की बघत राहावं. आणि रोटांचा, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचा, नियम एकदम कडक. रोट फक्त भाऊबंदांनीच खायचे. इतक्या वर्षांचा शेजार, घरच्यासारखे संबंध, पण अप्पांच्या कानबाईचा रोट मी आजवर तोंडात घातलेला नाही आणि कोणी दिलाही नाही. मला ह्याचं कधी वाईट वाटलं नाही. कारण बाकी सगळं उघडं असतं, आरती उघडी, रात्रीची गाणी, फुगड्या उघड्या, सोमवारी विसर्जनाला नाचत जाणं उघडं. जपायचं ते त्यांनी घरात अगदी घट्ट जपलंय, त्यासाठी गल्लीच्या तोंडाला गेट बसवायची गरज पडली नाही. मागच्या वेळी कानबाईचा चौरंग मोडला होता तर नवीन मिस्त्रीकडूनच करून घेतला, दोन दिवस घासाघीस करून भाव पाडला, आणि एक पाय डुगडुगतो अशी तक्रार अप्पा अजून करतात. मिस्त्री म्हणतो तुमची फरशीच वाकडी आहे.

यंदा विसर्जनाला पीओपीची पोरं पण आली, आणि आपल्या पोरांपेक्षा जास्त नाचली. ढोलवाला थकला तरी ही थांबेनात. दुसऱ्या दिवशी ओट्यावर अप्पांनी नवीनच विषय काढला, नाचतात तर गणपतीला "त्यासनाकडून बी वर्गणी ल्या". ह्यावरून आता कॉलनीत दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते घ्यायची, राहतात तर द्यायलाच पाहिजे. दुसरी म्हणते वर्गणी घेतली की उद्या ते मीटिंगला बसणार, हिशोब विचारणार, मंडप कुठे टाकायचा त्यावर बोलणार. अप्पा म्हणतात बसू द्या, खुर्च्या आपल्याच आहेत. मी विचारलं, मग पाण्याची टाकी पण त्यांनी मीटिंगमध्ये काढली तर चालेल का? त्यावर सर लगेच उठून म्हणाले की वर्गणी भाडेकरूंनी द्यावी, मत मात्र घरमालकाचं धरावं, आणि एकूण किती खोल्या आहेत त्याप्रमाणे धरावं. पुढच्या रविवारी ह्यावर मीटिंग आहे.