औषध घेतलंत, मग बंदी का हवी होती?

दरवर्षी 28 जुलैला, जागतिक हिपॅटायटिस दिनाला, मी ठाण्यात पेशंटांच्या बैठकीत माझ्या आजाराबद्दल बोलते. बोलून खाली बसले की एक प्रश्न हमखास येतो. मागच्या वेळी एका कॉलेजच्या मुलाने विचारलं, "काकू, हिपॅटायटिस सीचं संशोधन चिंपांझींवर झालं. तुम्ही त्यातूनच बऱ्या झालात ना? मग ते प्रयोग थांबले हे चांगलं झालं, असं कसं म्हणता?" चहाचे कप गोळा होत असताना याचं उत्तर देता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

1996 साली माझ्या बाळंतपणात खूप रक्त गेलं. दोन बाटल्या रक्त चढवलं. त्या वेळी रक्तपेढ्यांत हिपॅटायटिस सीची तपासणी सक्तीची नव्हती. मुलगी अठरा वर्षांची झाली तेव्हा मला कळलं, की तितकीच वर्षं विषाणू माझ्या यकृतात राहतोय. 2015 मध्ये या विषाणूवरचं सोफॉस्बुविर हे औषध भारतात परवडेल अशा किमतीत मिळू लागलं. त्याच्या जोडीला रिबाव्हिरिन, असा चोवीस आठवड्यांचा कोर्स. रिबाव्हिरिनने हिमोग्लोबिन इतकं उतरलं, की नौपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगचे तीन जिने चढताना मी प्रत्येक मजल्यावर टेकत असे. औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं. रिपोर्टवर लिहिलं होतं, 'नॉट डिटेक्टेड', म्हणजे विषाणू सापडला नाही. तो कागद अजून देवघराच्या खणात आहे.

आता चिंपांझी. हिपॅटायटिस ए नाही, बी नाही, अशी एक कावीळ रक्तातून पसरते, हे 1978 मध्ये त्यांच्यावरच्या प्रयोगांतून सिद्ध झालं. 1989 मध्ये विषाणूची ओळख पटली, ती संसर्ग झालेल्या चिंपांझीच्या रक्तद्रवातून. एकट्या या विषाणूने आजार होतो याचा पुरावा 1997 मध्ये मिळाला, तोही चिंपांझींच्या यकृतात त्याचं जनुकीय द्रव्य टोचून. या कामासाठी 2020 चं नोबेल दिलं गेलं. रक्ताची तपासणी यातूनच आली. हे मी नाकारणार नाही. मी त्यांचं देणं लागते.

पण त्या मुलाच्या प्रश्नात दोन गोष्टी एक झाल्या होत्या. काही ठरावीक प्रयोग ही एक गोष्ट. पुढेमागे लागतील म्हणून शेकडो जीव पिंजऱ्यात पोसत राहणं ही दुसरी. अमेरिकेत 1986 मध्ये एड्सच्या संशोधनासाठी चिंपांझींची पैदास सरकारी पैशाने सुरू झाली. त्यांना एचआयव्हीची लागण व्हायची, पण ते आजारी मात्र क्वचितच पडायचे. ज्यासाठी जन्माला घातले ते कामच त्यांच्याकडून होईना. 1995 मध्ये पैदास थांबवली. 1997 च्या एका अहवालाप्रमाणे तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांत सुमारे दीड हजार चिंपांझी होते. कागदोपत्री त्यांना संसाधन म्हणत. गोदामात पोती पडून राहतात तसं चिंपांझीला पडून राहता येत नाही. त्याला रोज सकाळ होते, भूक लागते, सोबत लागते.

तिथल्या नियमात एका मोठ्या वानरासाठी किमान जागा आहे पंचवीस चौरस फूट, उंची सात फूट. मी शिवणाच्या डब्यातली टेप काढून आमची बाल्कनी मोजली. पाच फूट रुंद, लांबी थोडी जास्त. मध्ये उभं राहून हात पसरले तर एक तळवा भिंतीला लागला, दुसरा ग्रिलला. माझी उंची पाच फूट एक इंच. चिंपांझीचे हात त्याच्या उंचीच्या मानाने आपल्यापेक्षा बरेच लांब असतात. तिथे मी कपडे वाळत घालायला पाच मिनिटं थांबते. काहींची तशा जागेत वर्षंच्या वर्षं गेली. तपासणीसाठी यकृताचा तुकडा काढायचा म्हणजे आधी बेशुद्ध करायचं, आणि अनेकदा त्यासाठी सुईचा बाण मारायचा. बंदूक दिसली की ते किंचाळायचे.

आणि औषध? 1999 मध्ये या विषाणूचं जनुकीय द्रव्य प्रयोगशाळेतल्या यकृतपेशींत वाढवता आलं, 2005 मध्ये अख्खा विषाणू. माझ्या गोळ्यांसारख्या औषधांचा शोध पेशींवरच्या अशा कामातून पुढे गेला. 2011 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने सांगितलं, की चिंपांझींवरचे बहुतेक प्रयोग आता अनावश्यक आहेत. हिपॅटायटिस सीच्या प्रतिबंधक लशीवर मात्र त्यांचं एकमत झालं नाही, हेही सांगायला हवं. 2013 मध्ये सरकारने पन्नास राखीव ठेवून बाकीच्यांना निवृत्त करायचं ठरवलं आणि 2015 मध्ये त्या पन्नासांनाही.

यावर पुढचा प्रश्न येतो पैशांचा. काम संपलं, मग पोसायचे कशाला? 1997 च्या अहवालानेच संख्या कमी करण्यासाठी त्यांना मारायला नकार दिला होता, आणि मला तो निर्णय फार मोठा वाटतो. 2000 साली निवृत्त चिंपांझींना आश्रय देण्याचा कायदा झाला. लुइझियानातल्या जंगलात आश्रयस्थान उभं राहिलं आणि 2005 मध्ये तिथे पहिले चिंपांझी पोचले. सगळ्यांच्या नशिबी ते आलं नाही. न्यू मेक्सिकोतल्या अॅलामोगोर्डोचे 44 जण म्हातारे आणि आजारी आहेत, प्रवास झेपणार नाही, असं 2019 मध्ये ठरलं. मला हे पटलेलं नाही. आजारी आहेत म्हणूनच त्यांना आधी हलवायला हवं होतं.

बंदिवासात चिंपांझी पन्नाशीच्या पुढेही जगतात. 1986 च्या त्या योजनेतली पहिली पिल्लं आता चाळिशीच्या घरात आहेत, माझ्या मुलीपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी. जी आहेत त्यांना अजून दहा-पंधरा वर्षं रोज फळं, भाज्या, औषधं आणि ओळखीची माणसं लागणार आहेत.