ओढ्यापासून ओट्यापर्यंत : कचरा वेचता वेचता आलेला माझा अनुभव

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला आलेला पूर आमच्या परिसरातील कोणीही विसरलेले नाही. कात्रजच्या बाजूने येऊन पुढे मुठेला मिळणाऱ्या या ओढ्याकडे आम्ही सांडपाण्याचा नाला समजून वर्षानुवर्षे पाठ फिरवली होती. पाणी ओसरल्यावर काठावरच्या झाडांच्या फांद्यांना, माझ्या डोक्याच्याही बरेच वर, प्लास्टिकच्या पिशव्या आणि चिंध्या अडकलेल्या दिसत होत्या आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्या तशाच लोंबत राहिल्या. पुराची कारणे अनेक होती. एकाएकी कोसळलेला पाऊस होता, अरुंद होत गेलेले पात्र होते. परंतु फांद्यांवरच्या त्या पिशव्या आमच्याच घरांतून गेल्या होत्या, ही गोष्ट माझ्या मनातून जाईना. बँकेतून निवृत्त झाल्यावर, म्हणजे २०२२ च्या जानेवारीत, मी सोसायटीतील आणि शेजारच्या गल्लीतील ओळखीच्या लोकांना एका रविवारी सकाळी ओढ्याच्या काठावर बोलावले.

त्या दिवशी आम्ही अकरा जण होतो. दोन तासांत चौदा पोती भरली आणि सर्वांना मनापासून समाधान वाटले. पोती कुठे जाणार याचा विचार मात्र कोणीच केला नव्हता. ती आम्ही रस्त्याच्या कडेला नीट रचून ठेवली आणि सकाळची गाडी ती उचलून नेईल असे गृहीत धरले. आम्ही कोणालाही कळवलेलेच नव्हते, त्यामुळे ती कोणी उचलली नाहीत. चौथ्या दिवशी मी तिकडे गेले तेव्हा कुत्र्यांनी निम्मी पोती फाडली होती आणि हलका कचरा वाऱ्याने पुन्हा उतारावरून खाली गेला होता. हे सविस्तर सांगते, कारण साफसफाई सुरू करू पाहणारे बहुतेक गट इथेच चुकतात. कचरा उचलणे हा या कामाचा सोपा भाग आहे. तो पुढे कोण नेणार, कोणत्या गाडीतून नेणार आणि कुठे रिकामा होणार, हे आधी ठरवावे लागते.

म्हणून दुसऱ्या वेळी मी आधी क्षेत्रीय कार्यालयात जाऊन आरोग्य निरीक्षकांना भेटले. त्यांनी साधा लेखी अर्ज मागितला. त्यात तारीख, वेळ, साधारण किती माणसे येणार, पोती कोणत्या ठिकाणी ठेवणार आणि जबाबदार व्यक्ती कोण, एवढेच लिहायचे होते. पहिल्या अर्जात मी जागा नुसती ‘पुलाजवळ’ अशी लिहिली होती. गाडी थेट जाऊ शकेल अशी नेमकी जागा लिहा, असे सांगून त्यांनी तो परत केला आणि ते योग्यच होते. त्यानंतर गाडी दुपारी बाराला येते आणि आम्ही त्याआधी अर्धा तास पोती बांधून तयार ठेवतो. पाण्यात कोणीही उतरायचे नाही हा नियमही तेव्हाच केला. ओढ्यात सांडपाणी असते आणि पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिससारखा आजार होऊ शकतो. पातळ रबरी हातमोजे काचेपुढे टिकत नाहीत. आम्ही बांधकामावर वापरतात तसे जाड मोजे घेतले आणि जमिनीत रुतलेल्या पिशव्या ओढण्यासाठी लोखंडी आकडे करून घेतले. लहान मुलांना फक्त वरच्या पदपथावरचे काम दिले.

खरे शिक्षण तिसऱ्या रविवारी झाले. आमच्या इमारतीतून रोज कचरा नेणाऱ्या ताई त्या दिवशी सहज पाहायला आल्या. त्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ही संस्था आली; २००८ पासून तिच्या सभासद महापालिकेशी झालेल्या करारानुसार दारोदार जाऊन कचरा गोळा करतात. ताईंच्या सासूबाई त्याआधी कचराकुंडीत उतरून कागद आणि काच वेचत असत. घराच्या दारातून हातात कचरा मिळणे आणि कुंडीत वाकून तो उपसणे यांत काय अंतर आहे, हे ताईंनी मला एकदा दोन वाक्यांत सांगितले होते. ते मी इथे लिहिणार नाही, ते त्यांचे आहे.

आम्ही मोठ्या अभिमानाने त्यांना प्लास्टिकच्या बाटल्यांचे आणि पिशव्यांचे वेगळे काढलेले पोते दाखवले. त्यांनी ते पदपथावर उलटे केले, खाली बसल्या आणि हाताने एकेक वस्तू बाजूला करू लागल्या. पाण्याच्या काही बाटल्या, दोन काचेच्या बाटल्या, एक पत्र्याचा डबा आणि थोडासा जाड प्लास्टिकचा माल एवढेच एका बाजूला गेले. बाकीचा मोठा ढीग दुसऱ्या बाजूला राहिला. चिखलाने भरलेल्या दुधाच्या पिशव्या, आतून चकाकणारी वेफर्सची पाकिटे, थर्माकोलचे तुकडे, हात लावताच चुरा होणाऱ्या काळ्या पातळ पिशव्या आणि डायपर, असा तो ढीग होता. “मावशी, हे भंगारात कोणी घेत नाही. हीच दुधाची पिशवी तुमच्या ओट्यावरून धुऊन आली असती, तर मी घेतली असती,” असे त्या म्हणाल्या.

त्या एका वाक्याने माझ्या कामाची दिशा बदलली. तोपर्यंत माझी समजूत अशी होती, की ओढ्यातून काढलेले प्लास्टिक पुनर्वापरासाठी जाते आणि म्हणून आमच्या रविवारांना दुहेरी अर्थ आहे. प्रत्यक्षात वस्तू ओढ्यात पडली की तिचा पुनर्वापर बहुधा तिथेच संपतो. माती, तेल आणि ओल यांनी माल खराब होतो. तो धुण्याचा आणि वाहून नेण्याचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो. दुधाची पिशवी स्वच्छ आणि कोरडी असेल तर तिला गिऱ्हाईक असते. वेफर्सच्या पाकिटाचे तसे नसते. त्यात प्लास्टिक आणि धातूचे अतिशय पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते वेगळे करणे परवडत नाही, म्हणून ते पाकीट कितीही स्वच्छ ठेवले तरी भंगाराच्या दुकानात त्याला भाव मिळत नाही. ओढा साफ करायचाच होता, पण त्याहून अधिक काम आमच्या स्वयंपाकघरांत होते.

आमच्या सोसायटीत ९६ सदनिका आहेत. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा द्यावा, असे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत स्पष्ट लिहिले होते, त्या अर्थाची सूचना लिफ्टजवळच्या फलकावर लावलेलीही होती आणि तिचा काहीही परिणाम झालेला नव्हता. आम्ही तिघी मग संध्याकाळी घरोघर जाऊ लागलो. रोज सहा किंवा सात घरे, प्रत्येक घरी दहा मिनिटे. सोबत एक टोपली असे आणि तिच्यात नेहमीच्या पंधरा वस्तू असत. कोणती वस्तू कुठे जाईल हे घरातल्या माणसांनीच सांगायचे. लोक निष्काळजी नव्हते, त्यांना नेमके माहीत नव्हते, हे मला त्या दोन महिन्यांत कळले. तेल लागलेला पिझ्झाचा पुठ्ठा रद्दीत चालतो असे जवळजवळ सर्वांना वाटत होते, तर औषधांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे ॲल्युमिनियमची म्हणून विकली जातात असे अनेकांना वाटत होते.

सर्वांत जास्त बोलणे झाले ते दुधाच्या पिशवीच्या कोपऱ्यावर. आपण पिशवीचा कोपरा पूर्ण कापतो आणि तो इवलासा तुकडा ओल्या कचऱ्यात, मोरीत किंवा केराबरोबर जातो; ओढ्याच्या मातीत मला असे तुकडे मूठमूठ सापडले आहेत. तो वेचणे कोणालाच शक्य नसते. पिशवीला छोटी चीर द्यायची आणि कोपरा पिशवीलाच लागून राहू द्यायचा, एवढा बदल पुरेसा असतो. हा बदल घराघरांतील आजींनी सर्वांत आधी केला.

सॅनिटरी नॅपकिन आणि डायपर यांविषयी बोलणे सुरुवातीला अवघड गेले. वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून ते वेगळे द्यायचे, ही पद्धत पुण्यात कचरावेचक महिलांनीच पुढे आणलेली आहे. आम्ही प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारला : ठिपका नसलेले पुडके ताई उघडून पाहतात तेव्हा त्यांच्या हाताला काय लागते, याची आपल्याला कल्पना आहे का? या प्रश्नानंतर बहुतेक घरांत वाद झाला नाही. फुटलेली काच जाड कागदात बांधून वर ‘काच’ असे लिहायचे, इन्सुलिनच्या सुया झाकणाच्या डब्यात साठवून द्यायच्या, पारा असलेल्या जुन्या ट्यूबलाइट न फोडता वेगळ्या ठेवायच्या, हेही त्याच बोलण्यात येत गेले.

जवळच्या एका शाळेने सहावीच्या वर्गासाठी बोलावले, तेव्हा मी भाषण टाळले. आम्ही तीन कुंड्यांत माती घेतली आणि एकीत कांद्याची साले, दुसरीत वहीचा कागद, तिसरीत बिस्किटाच्या पुड्याचे वेष्टन पुरले. दोन महिन्यांनी मुलांनी स्वतः उकरून पाहिले. साले कुठेच नव्हती, कागदाचे काळपट तुकडे राहिले होते आणि वेष्टनावरील अक्षरे पुसल्यावर जशीच्या तशी वाचता येत होती. एका मुलीने विचारले, की मग हे बनवतातच कशाला? माल कोरडा आणि कुरकुरीत टिकतो म्हणून, असे खरे उत्तर मी दिले, पण तिचे समाधान झाले नाही आणि माझेही झालेले नाही. उत्पादकांनी आपल्या वेष्टनांची जबाबदारी घ्यावी अशी तरतूद कायद्यात आहे. आमच्या ओढ्याच्या काठावर तिचा परिणाम मला अजून दिसत नाही आणि या बाबतीत नागरिकांनाच शिकवत राहणे पुरेसे आहे असे मला वाटत नाही.

गणेशोत्सवात आमचे काम पुलावर असते. निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून पुलावरून खाली सोडण्याची सवय जुनी आहे आणि ती श्रद्धेने केलेली असते, म्हणून आम्ही तिथे कोणाला अडवत नाही. पुलाच्या दोन्ही टोकांना रंगवलेले मोठे पिंप ठेवतो, समोर आलेल्याला नमस्कार करतो आणि फुले इथे द्या, झाडांना खत होईल, असे सांगतो. पहिल्या वर्षी अनेकांनी पिशवीसकट टाकून पुढे जाणे पसंत केले. पुढच्या वर्षी आम्ही आदल्या वर्षीच्या निर्माल्याचे खत लहान पुड्यांत भरून पिंपाशेजारी ठेवले आणि फुले देणाऱ्याच्या हातात एक पुडी दिली. त्यानंतर लोक थांबून पिशवी सोडू लागले. हारांमधला नायलॉनचा दोरा आणि कृत्रिम जर मात्र हाताने ओढून काढावी लागते. अनंत चतुर्दशीनंतरचे तीन दिवस आमचे याच कामात जातात.

आता महिन्यातला तिसरा रविवार ओढ्यासाठी ठरलेला आहे. आमच्या सोसायटीच्या मागच्या पट्ट्यात पोती पूर्वीपेक्षा खूप कमी भरतात. पुलाखाली मात्र अजूनही तेवढीच भरतात, कारण तिथला कचरा वरच्या वस्त्यांतून वाहत येतो. त्यांपैकी दोन सोसायट्यांत आम्ही टोपली घेऊन जायला सुरुवात केली आहे. ताई पूर्वी आमचा सुका कचरा फाटकाबाहेर रस्त्यावर बसून वेगळा करत असत. गेल्या वर्षी आम्ही पार्किंगच्या कोपऱ्यात पत्र्याचे छप्पर आणि बसायला ओटा असलेली जागा त्यांना करून दिली. तिथे हात धुवायला नळ हवा, असे त्यांनी सांगितले होते. या महिन्याच्या सभेत त्याचा खर्च मंजूर झाला आहे आणि प्लंबर येत्या बुधवारी येणार आहे.