मॅम, जरा रिवाइंड करा ना

मी पुण्यात एका कॉलेजात मास कॉमच्या पोरांना शिकवते, व्हिजिटिंगवर, म्हणजे तासाचे पैसे आणि प्रोजेक्टर चालला तर आपलं नशीब. त्या दिवशी विषय होता युद्धातले प्रचारपट. हिटलर-गोबेल्स मुद्दाम टाळले, ते पोरांना पाठ असतं आणि प्रचार म्हणजे फक्त व्हिलनच करतो असं डोक्यात बसतं. म्हणून 'द बॅटल ऑफ द सॉम' लावला. १९१६ चा, ब्रिटिश सरकारच्या आशीर्वादाने काढलेला, मूक, साधारण सव्वा तासाचा.

१ जुलै १९१६ ला, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समध्ये जर्मनांविरुद्ध सॉमची लढाई सुरू झाली, पहिल्याच दिवशी ब्रिटिशांचे १९ हजारांवर सैनिक मेले, आणि लढाई चालूच असताना ऑगस्टमध्ये पिक्चर लंडनच्या थेटरांत लागला पण. सहा आठवड्यांत दोनेक कोटी तिकिटं गेली, आणि देशाची लोकसंख्या किती, तर साडेचार कोटींच्या आसपास!

पहिला अर्धा तास पोरांनी जांभया दिल्या, मग हॉथॉर्न रिज या टेकडीवरच्या जर्मन ठाण्याखाली पेरलेला सुरुंग उडाला तेव्हा जरा ताठ बसली. त्यानंतर तो फेमस सीन, सैनिक खंदकातून वर चढतात, एक तिथेच मागे घसरतो, पुढे तारांपाशी आणखी दोघं-तिघं पडतात. मी गप्प. म्हटलं शेवटी फोडू हे गुपित, जरा भाव खाऊ.

पण मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅम, जरा रिवाइंड करा ना." केलं. "तो बघा, मेलेला माणूस पाय जुळवून घेतोय." खरंच घेतोय! पडल्यावर नीट आरामात. अख्खा वर्ग खिदळला. माझं गुपित गेलं, पण खूश झाले, सांगितलं की हा तुकडा लढाईतला नाहीच, आघाडीच्या मागे ट्रेनिंगच्या जागी शूट केलेला आहे. तेव्हाचा कॅमेरा म्हणजे तिपाईवरचं अवजड धूड, हाताने हँडल फिरवायचं, गोळ्या सुटत असताना तो असा उघड्यावर कोण लावणार?

आणि प्ले दाबलं. इथे माझी चूक झाली.

कारण थोड्याच वेळात एक सैनिक जखमी सोबत्याला खांद्यावर टाकून खंदकातून येतो. पडद्यावरची पाटी सांगते, हा माणूस खंदकात आणल्यावर तीस मिनिटांत वारला. वर्ग अजून त्याच मूडमध्ये. "ऑस्कर द्या याला." "मेकअप भारी आहे." मी पॉज केलं आणि जरा चिडूनच म्हटलं, हे खरं आहे. तर तोच मागचा मुलगा, अगदी शांतपणे, "कशावरून?"

आता एका वाक्यात काय उत्तर देणार. नकली तुकडा मिनिटभराचासुद्धा नाही, पण तो सापडल्यावर उरलेला सगळा सव्वा तास पोरांच्या लेखी खोटा झाला होता. १९१६ मध्ये नेमकं उलटं, तेव्हा लोकांनी सगळंच खरं धरलं. तेव्हाचे ब्रिटिश युद्धमंत्री लॉइड जॉर्ज यांच्या सेक्रेटरीचा, फ्रान्सिस स्टीव्हन्सनचा, भाऊ युद्धात मारला गेला होता, तिने हा पिक्चर बघून डायरीत लिहिलं की त्याने काय सोसलं ते मला आता कळलं. डरहमच्या डीनने, म्हणजे तिथल्या कॅथीड्रलच्या मुख्य धर्मगुरूने, मात्र पेपरात पत्र लिहून तक्रार केली की लोक मरणाचा तमाशा बघतायत. आणि एवढी प्रेतं पडद्यावर बघून लोक युद्धाच्या विरोधात गेले का? नाही गेले. माझ्या मते सरकारला हे आधीच कळलं होतं, दुःख दाखवलं की माणूस म्हणतो आता एवढे गेलेच आहेत तर मागे कसं फिरायचं.

हे सगळं बोलेपर्यंत बेल झाली, पोरं पांगली. तो एकटा थांबला. माझ्या लॅपटॉपवर तो जखमीचा सीन फ्रेम फ्रेम करून बघत होता. "मॅम, उचलणारा थेट कॅमेऱ्यात बघतोय. म्हणजे अ‍ॅक्टिंगच ना?"

मी काही न बोलता मागे नेलं, लँकाशायर फ्युसिलिअर्स या ब्रिटिश पलटणीच्या सीनवर. हल्ल्याच्या आधी खोलगट वाटेत टेकून बसलेली पोरं, याच्याच वयाची. थोड्या वेळात यांना वर जायचंय आणि त्यातली बरीचशी परत येणार नाहीयेत. झाडून सगळी कॅमेऱ्यात बघतायत, एकाच्या तोंडात सिगारेट.

"हे पण खरं?"

"हो."

"परत लावा."

चौथ्यांदा लावलं तेव्हा वॉचमनकाका दारात किल्ल्या वाजवत उभे होते.