वजन तेच, पण पाटली कोपराशी

माझ्या सासूबाईंवर अंडाशयाच्या कॅन्सरचे उपचार चालू होते तेव्हा दर केमोच्या आधी कार्डावर वजनाचा एकच आकडा पडत असे, 60 किलो, आणि त्या आकड्याच्या भरवशावर आम्ही सारे निर्धास्त होतो. मात्र एरवी मनगटात घट्ट बसणारी त्यांची पाटली हात वर केला की थेट कोपराशी जाऊन थांबू लागली होती. पुढे पोटातले चार लिटर पाणी काढले आणि काटा 56 वर आला, तेव्हा कुठे उमगले की अंगावरचे मांस केव्हाच झडले होते आणि त्याची जागा पाण्याने भरून काढली होती.

काट्याला मांस, चरबी आणि पाणी यांतला भेद कळत नाही. केमोच्या अनेक औषधांची मात्रा उंची आणि वजनावरून ठरत असल्याने सारख्या उंची-वजनाच्या दोघांना सारखेच औषध मिळते. पण ज्याचे स्नायू कमी, त्याला दुष्परिणाम अधिक सोसावे लागण्याचा धोका असतो, मग तो दिसायला स्थूल का असेना. वास्तविक आजारासाठी काढलेल्या सीटी स्कॅनवरच, कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी दिसणाऱ्या स्नायूंचे क्षेत्रफळ मोजून त्याला उंचीच्या वर्गाने भागले, की स्नायूंचा अंदाज मिळतो.

"तुम्ही नीट जेवत नाही," असे आम्ही त्यांना किती वेळा बोललो, याचे आजही वाईट वाटते. या आजारात शरीरातला दाहच (इन्फ्लमेशन) स्नायू झिजवतो आणि भूकही मारतो. केवळ आहाराने ती झीज पूर्ण भरून निघत नाही. तरीही आहार सोडून चालत नाही. युरोपातील तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर किलो वजनामागे रोज 1 ग्रॅमहून अधिक, शक्य तर 1.5 ग्रॅमपर्यंत प्रथिने हवीत, म्हणजे सासूबाईंना 56 ते 84 ग्रॅम. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम असतात, आणि आम्ही पचायला हलके म्हणून भाताची पेज आणि वरणाचे वरचे पाणी देत होतो! आहारतज्ज्ञ बाईंनी ते बदलून घट्ट वरण, उकडलेले अंडे आणि दुधाची पावडर घातलेली नाचणीची पेज दर दोन तासांनी थोडी थोडी द्यायला सांगितली, शिवाय झेपेल तेवढ्या गॅलरीतल्या फेऱ्या.

पुढच्या खेपेपासून आहारतज्ज्ञ बाई सासूबाईंच्या दंडाचा घेर टेपने मोजू लागल्या आणि मुठीची पकड तपासू लागल्या. ते आकडे मी कार्डाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवत असे.