बरेनला जाताय? गुडघे सांभाळा

पहिल्या दिवशी बरेनमध्ये आम्हाला एकही जेन्शियन, म्हणजे तिथलं ते इवलं निळं फूल, दिसलं नाही. मे महिन्याचा दुसरा आठवडा, म्हणजे ऐन हंगाम. जागाही बरोबर होती. तरी दोन तास करड्या खडकावर वाकून वाकून पाठ धरली आणि दिसलं काय, तर रानबकऱ्यांच्या लेंड्या. संध्याकाळी मुक्कामाच्या घरी कुरकुर केली तेव्हा तिथल्या आजीबाई हसायलाच लागल्या. आभाळ भरलं की हे फूल मिटून बसतं, ऊन पडल्याशिवाय तोंड दाखवत नाही, म्हणाल्या. एवढं आधी कुणी सांगितलं असतं तर आमचा एक दिवस वाचला असता. तुमचा वाचावा म्हणून हे लिहायला घेतलं.

बरेन आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याला, क्लेअर काउंटीत. आयरिश भाषेत नावाचा अर्थच खडकाळ जागा. मी, धाकटी बहीण आणि गॉलवेला शिकणारा तिचा मुलगा असे तिघं चार दिवस बॅलीव्हॉनला राहिलो. बहुतेक लोक गॉलवेहून बसने मोहरच्या कड्यांपर्यंत जाऊन येतात आणि बरेन खिडकीतून बघतात. खिडकीतून तो फक्त दगड दिसतो.

१६५१ मध्ये, आयर्लंड जिंकायला निघालेल्या इंग्लंडच्या क्रॉमवेलचा सेनापती लडलो सैन्य घेऊन इथे आला. इथे माणूस बुडवायला पुरेसं पाणी नाही, फाशी द्यायला झाड नाही आणि पुरायला माती नाही, असं त्याने लिहून ठेवलंय. पण इथली गुरं मात्र चांगली धष्टपुष्ट आहेत, हेही त्यानेच नोंदवलंय. त्या गुरांतच फुलांची किल्ली आहे. आपल्याकडे गुरं पावसाळ्यात माळावर चढतात. बरेनमध्ये उलटं, ती थंडीत डोंगरावर जातात. चुनखडकात पाणी साचत नाही, त्यामुळे वरची जमीन कोरडी राहते. शिवाय उन्हाळ्यात साठवलेली ऊब हा खडक हळूहळू सोडतो. गुरं थंडीभर वाळकं गवत खाऊन जमीन मोकळी करतात आणि वसंतात खाली उतरतात. मग फुलांना रान मोकळं. गुरं न्यायची थांबवली तर दोन-चार वर्षांत हेझलची झुडपं माजायला लागतात. आजीबाईंचा मुलगा अशीच गुरं डोंगरावर नेतो, त्यामुळे आम्हाला हे सगळं चहाबरोबर ऐकायला मिळालं. तुम्ही भारतातल्या कुठल्या, असं त्यांनी विचारलं तेव्हा भाच्याने मालवणजवळचं वराड, म्हणजे त्यांचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांच्या घराण्याचं गाव, आमच्या महाराष्ट्रातच आहे असं ऐटीत सांगितलं. आजीबाईंनी स्कोन पुढे सरकवला आणि राजकारणावर अवाक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास ऊन आलं. गाडी लावली आणि कुंपणाच्या फटीतून पन्नास पावलं चाललो असू, तोच बहीण मटकन खाली बसली. मला वाटलं पाय मुरगळला. तिच्यापुढे खडकाच्या कडेला, इंचभर मातीत, जेन्शियनची सात फुलं होती. फूल जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढं, देठ बोटाच्या पेराएवढा, पाकळ्या पाच. रंग अगदी पांढऱ्या कपड्यांना घालायच्या नीळीचा, तोही नुकत्याच कालवलेल्या, न विरघळलेल्या. फोटोत तो येत नाही, जांभळट होतो. आम्ही तिघांनी तीन फोनवर करून पाहिलं. उभं राहून बघितलं तर निळा ठिपका. गुडघे टेकून बघाल तेव्हा मधलं पांढरं दिसेल.

एकदा डोळा बसला की मग सगळीकडे दिसायला लागतं. ड्रायास म्हणजे माउंटन अव्हन्सची आठ पांढऱ्या पाकळ्यांची फुलं, मध्ये पिवळा गोंडा. ही खरी उत्तर ध्रुवाकडची आणि आल्प्सच्या उंचीवरची वनस्पती, इथे समुद्रकाठापर्यंत उतरते. आणि तिच्यापासून हातभर अंतरावर, खडकाच्या खोल भेगेत, उबदार प्रदेशातला हंसराज! आपल्या जुन्या विहिरींच्या भिंतीत उगवतो त्याच कुळीतला. भेगेत वारा लागत नाही, ओल टिकते, म्हणून तो तिथे तग धरतो. जांभळी ऑर्किड तर रस्त्याकडेलाच होती. गडद गुलाबी क्रेन्सबिल नुकतं सुरू झालं होतं, त्याचा खरा बहर जून-जुलैत. जेन्शियनच हवं असेल तर एप्रिलअखेर ते मेअखेर जा. कासच्या सवयीने गालिचा शोधू नका. इथे मूठमूठभर फुलं असतात, पण मैलोन्मैल.

चालताना लाद्या डुगडुगतात. पावसात त्या साबणासारख्या होतात. माझा पाय एका भेगेत पोटरीपर्यंत गेला, खरचटण्यावर निभावलं. घोट्यापर्यंत येणारे बूट हवेतच. आणि दगडावर दगड रचून छोटी स्मारकं करायचा मोह आवरा. त्यासाठी उचललेल्या प्रत्येक दगडाखाली कुणाचं तरी घर असतं.

असं खरं स्मारक बघायला पूलनाब्रोनच्या पुरातन दगडी थडग्याकडे जा. बॅलीव्हॉनहून दक्षिणेला आर-४८० रस्त्यावर, तिकीट नाही. उभ्या शिळांवर तिरकी टेकवलेली, काही टनांची छताची शिळा. १९८६ आणि १९८८ मधल्या उत्खननात खाली तीसहून अधिक माणसांची हाडं सापडली, पाच हजार वर्षांहून जुनी. दुपारी पर्यटकांच्या बस येतात. आम्ही संध्याकाळी साडेआठला गेलो, तिथे आम्ही आणि वारा. मे महिन्यात साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्याचा फायदा घ्या.

त्याच रस्त्याने खाली लेमानेचा पडका वाडा लागतो. आत जाता येत नाही, खाजगी आहे. रस्त्यावरून रिकाम्या खिडक्यांतून आभाळ दिसतं तेवढंच. इथल्या मॉरा रुआ ओब्रायनचा नवरा १६५१ मध्ये लडलोच्या सैन्याशी लढताना मेला आणि मुलाची वतनं वाचवायला तिने क्रॉमवेलच्याच एका अधिकाऱ्याशी लग्न केलं. पुढे किलफेनोराच्या जुन्या कॅथेड्रलमध्ये कोरीव दगडी क्रूस आहेत, काचेच्या छताखाली. तिथल्या बिशपचं पद तांत्रिकदृष्ट्या खुद्द पोपकडे आहे. तासाभरात होतं.

वेळ द्यायचा तो कॉरकमरोच्या मठाला. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा, सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा. त्यांनी त्याचं नाव ठेवलं होतं ‘सुपीक खडकाची मेरी’. आत छत फक्त वेदीवर उरलंय, बाकी गवत आणि थडगी. गावातली माणसं आजही इथेच पुरतात, त्यामुळे आवाज खाली ठेवा. १२६८ मध्ये मेलेला राजा कॉनर ओब्रायन भिंतीतल्या कोनाड्यात दगडाचा होऊन निजलाय. सगळे त्याचा फोटो काढतात. तुम्ही खांबांच्या माथ्याकडे बघा: तिथे घंटेसारखी मान खाली घातलेली फुलं कोरलीत. सकाळी बाहेर गुडघे टेकले होते, इथे मान वर करून दुखली.

वाटेतल्या रस्त्यांविषयी. गाडी डावीकडूनच चालते, त्या बाबतीत आपल्याला सोपं. पण ज्याला ते बोरीन म्हणतात, तो रस्ता एका गाडीपुरता असतो, मध्ये गवताची पट्टी, दोन्ही बाजूंना चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती. आमच्या गाडीचा आरसा एका भिंतीला घासला आणि भाड्याच्या कंपनीने त्याचे इतके पैसे कापले की भाचा दोन दिवस गप्प होता. भाड्याच्या गाडीचा विमा पूर्ण घ्या, गाडी लहानातली लहान घ्या. ग्रामीण लहान रस्त्यांवर २०२५ पासून वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटर आहे. बोरीनवर तीस जमले तरी खूप. समोरून येणारा माणूस स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. तो नमस्कार असतो, परत करायचा. कुंपणात मेमध्ये हॉथॉर्न पांढरा फुललेला असतो. शेतात एकटाच उभा असेल तर तोडत नाहीत, परींचं झाड म्हणून, आपल्या मुंज्याच्या पिंपळासारखं. क्लेअरमध्येच १९९९ मध्ये अशा एका झाडासाठी मोठ्या रस्त्याची आखणी बदलायला लावली होती.

गाडी नसेल तर गॉलवेहून ३५० नंबरची बस बॅलीव्हॉनवरून जाते. राष्ट्रीय उद्यानाच्या पायवाटांसाठी उन्हाळ्यात कोरोफिन गावातून फुकट बस सुटते. वेळा निघण्याआधी तपासा, हंगामाप्रमाणे बदलतात. व्हिसा शेंगेनचा चालत नाही. ब्रिटनच्या व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटन आणि आयर्लंडची संयुक्त व्हिसा योजना) असा शेरा असेल तर भारतीय पासपोर्टवर आधी ब्रिटनमध्ये उतरून इकडे येता येतं. शाकाहारी असाल तर भाज्यांच्या सूपमध्ये कोंबडीचा रस्सा आहे का ते विचारा. ब्राऊन ब्रेड आणि बकरीचं चीज मात्र डोळे मिटून घ्या.

आणि रात्री झोपण्याआधी पोटऱ्या, गुडघ्यांमागची बाजू नीट तपासा. गवतात गोचिडी असतात, त्यांच्यातून लाइम नावाचा आजार होतो. बहिणीच्या मोज्यावर एक सापडली. चिमट्याने काढा, बोटाने चिरडू नका.